मांडुळाला दोन तोंडे असतात काय?

आपल्या कर्नाटक राज्याच्या राजमुद्रेत मधोमध एक विलक्षण पक्षी आहे. धड एक आणि शिरे दोन. त्यास गंडभेरुंड म्हणतात. जुन्या देवळांच्या भिंतींवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवरही तो कोरलेला आढळतो. हा पक्षी सामर्थ्याचे प्रतीक आहे हे लहान मूलही जाणते. म्हणूनच त्यास पकडण्यासाठी जाळे घेऊन कोणी रानात गेल्याचे ऐकिवात नाही. कवीच्या कल्पनेने आणि शिल्पकाराच्या छिन्नीने त्यास जन्म दिला व तेथेच तो सुखाने नांदत आहे.

दोन तोंडांच्या दुसऱ्या एका प्राण्याचे नशीब मात्र इतके चांगले नाही. तो म्हणजे मांडूळ, ज्यास आपण दुतोंड्या म्हणतो. गुलबर्गा व बिदरकडील शेतांत, तसेच सोलापूर-उस्मानाबादच्या माळांवर हा साप आढळतो. त्याच्याविषयी सांगतात ते असे: त्याला दोन्ही टोकांस तोंड असते, सहा महिने तो एका तोंडाने चालतो व सहा महिने दुसऱ्या, तो ज्याच्या घरी असेल त्याला गुप्तधन सापडते, असाध्य रोग बरा होतो, इतकेच नव्हे, तर योग्य वजनाचे मांडूळ मिळाल्यास मंत्राच्या बळाने पैशांचा पाऊस पाडता येतो! या बोलण्यावर विश्वास ठेवून रात्री-अपरात्री विजेरी आणि पोते घेऊन बांधाबांधाने हिंडणारे लोक आहेत. लाखांचे आमिष दाखविणारे मध्यस्थ आहेत. आणि शेवटी पोलिसांच्या अगर वनखात्याच्या हाती सापडून तुरुंगाची वाट धरणारेही आहेत. कर्नाटकात व महाराष्ट्रात अशा बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येतात.

तेव्हा ‘मांडुळाला दोन तोंडे असतात काय?’ हा प्रश्न केवळ गमतीचा नव्हे. त्याच्या उत्तरावर कोणाची जमापुंजी, कोणाची अब्रू आणि एका मुक्या जीवाचे प्राण अवलंबून आहेत. म्हणून या लेखात आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर तर देणार आहोतच. परंतु ते उत्तर कसे मिळवावे, म्हणजेच पुरावा कसा तोलावा, हे सांगण्याचा आमचा मुख्य हेतू आहे. कारण उद्या मांडुळाच्या जागी दुसरी एखादी गोष्ट येईल, आणि तेव्हा हा लेख नव्हे, तर ही तोलण्याची रीतच उपयोगी पडेल.

पुरावा तोलण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. तो असा: सांगितलेली गोष्ट खोटी असती, तरीही हा पुरावा असाच मिळाला असता काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तो पुरावा कितीही मोठा दिसो, त्याचे वजन शून्य. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो लहान असला तरी मोलाचा. आता मांडुळाच्या बाजूने जे पुरावे पुढे केले जातात, त्यांस हा प्रश्न विचारून पाहू.

पहिला पुरावा म्हणजे ‘सगळे लोक सांगतात’. आपला प्रदेश सीमेवरचा. येथे मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जातात. मराठीत आपण दुतोंड्या म्हणतो, हिंदीत दोमुहा म्हणतात, कानडीत एरडु तले हावु, म्हणजे दोन डोक्यांचा साप, म्हणतात. कोंकणी घरात वाढलेल्या आम्हांसही ही कथा गुलबर्ग्यास येण्यापूर्वीच ठाऊक होती. मग इतक्या भाषांतील लोक खोटे कसे बोलतील? येथेच सावध राहावयास हवे. चार भाषांत फिरलेली एकच गोष्ट म्हणजे चार साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार चार वेळा बोलला इतकेच. न्यायालयात चार माणसे उभी राहिली आणि चौघांनीही ‘आम्हांस पाचव्याने सांगितले’ असे म्हटले, तर न्यायाधीश त्या पाचव्यास बोलावतो. मांडुळाच्या प्रकरणी हा पाचवा आजवर कोणास सापडलेला नाही.

दुसरा पुरावा अधिक बळकट दिसतो. ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले,’ असे सांगणारे प्रामाणिक शेतकरी आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. मांडुळाची शेपटी इतर सापांसारखी निमुळती होत जात नाही. ती जाड, आखूड आणि बोथट असते, आणि दुरून तोंडासारखीच दिसते. शिवाय भय वाटले की मांडूळ आपले डोके वेटोळ्यांत लपविते व शेपटी किंचित वर उचलून हालविते. शत्रूने घाव घातलाच, तर तो शेपटीवर बसावा आणि डोके वाचावे, अशी ही निसर्गाची युक्ती आहे. म्हणजे शेतकऱ्याने जे पाहिले ते खरे. त्याने त्यावरून जे अनुमान काढले ते चुकीचे. पाहणे आणि अनुमान करणे या दोन क्रिया इतक्या झटपट एकापाठोपाठ घडतात की, त्या निराळ्या आहेत याचेच भान राहत नाही. त्यातच काही गारुडी शेपटीवर डोळ्यांच्या व तोंडाच्या खुणा मुद्दाम करीत आले आहेत. मग तर बोलावयासच नको.

निर्णय करण्याची खात्रीची वाट निराळीच आहे. तोंड म्हटले की त्यास जबडा हवा, दात हवेत, जीभ हवी, आत कवटी आणि मेंदू हवा. प्राणिसंग्रहालयातील वैद्य मांडुळाचे क्ष-किरण छायाचित्र काढतात तेव्हा कवटी एकाच टोकास दिसते. दुसऱ्या टोकास दिसतात त्या शेपटीच्या मणक्यांच्या आखूड होत गेलेल्या मण्या. सापाच्या पोटाखाली जेथे मलद्वार असते तेथून पुढे शेपटी सुरू होते. मांडुळातही तसेच आहे. दोन डोक्यांचे साप क्वचित जन्मतात हे खरे. परंतु तो जन्मतःचा दोष असून त्यांत दोन्ही डोकी एकाच बाजूस, मानेपाशी जोडलेली असतात. एक डोके पूर्वेस आणि एक पश्चिमेस असलेला साप प्राणिशास्त्रास ठाऊक नाही.

तिसरा पुरावा पैशाचा. ‘लोक लाखो रुपये मोजतात, तेव्हा काहीतरी असलेच पाहिजे!’ परंतु लाखो रुपये मोजतो कोण? गावातला मनुष्य मध्यस्थाच्या आशेवर असतो, मध्यस्थ शहरातील दलालाच्या, दलाल कोठल्या तरी परदेशी शेटजीच्या. प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवितो. प्रत्यक्षात पैसे जातात ते बहुधा उलट दिशेने: ‘आगाऊ रक्कम’, ‘तपासणीचा खर्च’, ‘पूजेचे सामान’ अशा नावांनी ते भोळ्या गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघतात. किंमत ही श्रद्धा किती आहे याचा पुरावा असू शकते. वस्तूत गुण किती आहे याचा नव्हे. शिवाय ज्यास पैशांचा पाऊस पाडता येतो, त्याने साप विकून पैसे मिळविण्याची खटपट का करावी, हे कोणी विचारीत नाही.

हाच कस मोठ्या प्रमाणावर लावून पाहिल्याचे एक उदाहरण जगास ठाऊक आहे. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ बांधावरून उठून हिमालयात जावे लागेल. तेथील ‘यती’ अथवा हिममानव याचा शोध पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्यात मांडुळाच्या कथेतील सर्व पात्रे भेटतात.

१९२१ साली एव्हरेस्टच्या पाहणीस गेलेल्या ब्रिटिश तुकडीचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना बर्फात मोठी पावले दिसली. ती लांडग्याची असावीत असा त्यांचा स्वतःचा तर्क होता. बरोबरच्या हमालांनी मात्र एका रानटी हिममानवाचे नाव घेतले. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रातील न्यूमन या लेखकाने त्या नावाचे भडक इंग्रजी भाषांतर केले, आणि तेच जगभर गेले. मूळ शब्दाचा संबंध अस्वलाशी असावा असे पुढे अभ्यासकांनी मांडले. पण तोवर भाषांतराने आपले काम केले होते. लांडग्याचा तर्क मागे पडला आणि राक्षस पुढे आला.

१९५१ साली एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर एका मोठ्या पावलाचे छायाचित्र घेतले. मोजमाप कळावे म्हणून शेजारी बर्फ फोडण्याची कुऱ्हाड ठेवली होती. छायाचित्र अस्सल होते. पण आपला प्रश्न विचारा: हिममानव नसता, तरीही असे पाऊल उमटले असते काय? होय, उमटू शकले असते. उन्हाने बर्फ वितळले की लहान ठसा पसरून मोठा होतो. अस्वल चालताना त्याचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडते, आणि दोहोंचे मिळून एक लांब, मानवी वाटणारे पाऊल तयार होते.

एव्हरेस्टवर तेनसिंग नोर्गे यांच्यासह प्रथम पाऊल ठेवणारे एडमंड हिलरी १९६०-६१ साली मुद्दाम या शोधासाठी मोहीम घेऊन गेले. खुमजुंग गावी ‘यतीची टाळू’ म्हणून एक पूज्य वस्तू जपलेली आहे. हिलरींनी ती चोरली नाही, तिची थट्टा केली नाही. गावकऱ्यांची अनुमती घेतली आणि गावच्या प्रमुखास बरोबर घेऊनच ती तपासणीसाठी परदेशी नेली. ती सेराव नावाच्या बकऱ्यासारख्या रानटी जनावराच्या कातड्यास आकार देऊन केलेली आहे, असा निर्णय झाला. हिलरींच्या लोकांनी सेरावच्या कातड्यापासून तशीच दुसरी टोपी बनवूनही दाखविली. त्यानंतर ती वस्तू सन्मानाने परत गेली आणि पूर्ववत् जपली गेली. आपल्या गंडभेरुंडाप्रमाणेच तिचे पूज्यत्व आणि तिचे प्राणिशास्त्र या दोन निराळ्या बाबी आहेत. एकीची परीक्षा केल्याने दुसरीचा अपमान होत नाही.

२०१७ साली शार्लट लिंडक्विस्ट या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले केस, हाडे, दात, कातडे, विष्ठा इत्यादींचे नऊ नमुने घेऊन त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. आठ नमुने अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. गंमत अशी की, या तपासणीतून हिमालयातील दुर्मीळ अस्वलांच्या कुळाविषयी नवी माहिती हाती आली. राक्षसाच्या शोधातून राक्षस मिळाला नाही; पण खरा, जिवंत आणि संकटात सापडलेला प्राणी अधिक नीट कळला. तरीही कथा संपली असे समजू नये. २०१९ साली मकालू शिखराच्या तळाजवळ दिसलेल्या बत्तीस इंच लांबीच्या पावलांची छायाचित्रे खुद्द भारतीय सैन्याच्या खात्यावरून प्रसिद्ध झाली आणि पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. मोठ्या व आदरणीय संस्थेचे नावही पुराव्याचे वजन वाढवीत नाही. पाऊल ते पाऊलच.

एवढे वाचून एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, “मग काय, जे कोणी सांगेल त्यास ‘खोटे’ म्हणावे, म्हणजे झाले!” तसे मुळीच नव्हे. सर्व काही नाकारणे ही सर्व काही मानण्याइतकीच आळशी वृत्ती आहे; दोहोंतही तपासणीचे कष्ट वाचतात. हे पटण्यासाठी आपल्याच मराठी मुलखातील, खानदेशातील, एका पक्ष्याची हकीकत सांगतो.

रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. आपल्या ओळखीच्या पिंगळ्याचा तो चुलतभाऊ. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. हे तेच ह्यूम, जे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रभागी होते. १८८४ साली खानदेशात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या पक्ष्याचा अखेरचा नमुना मिळविला, आणि त्यानंतर रानपिंगळा जणू अदृश्य झाला. डॉ. सलीम अलींसारख्या जाणत्या पक्षितज्ज्ञांनीही त्याचा शोध केला, पण व्यर्थ. तो नामशेष झाला असे बहुतेकांनी मानले.

मात्र एक पुरावा वेगळे सांगत होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या प्रतिष्ठित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविलेला म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहालयात होता. चिठ्ठीवर तारीख होती, स्थळ होते, मोठ्या माणसाचे नाव होते. पण पॅमेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने चिठ्ठीवर विसंबण्याऐवजी पक्षी तपासला. क्ष-किरणांत दिसले की, त्याचे भरण आणि बांधणी मूळची डेव्हिडसनच्या धाटणीची असून ती नंतर उसवून पुन्हा केलेली आहे. सारांश, तो डेव्हिडसनचाच नमुना; संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावून परत ठेवलेला! ती चिठ्ठी खरी मानणारे शोधक भलत्याच ठिकाणी हिंडत राहिले होते.

खोटा पुरावा असा दूर सारल्यावर उरलेल्या अस्सल पुराव्यांकडे लक्ष गेले. रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी जुन्या, विश्वसनीय नोंदींतील स्थळे शोधीत निघाले. आधीच्या ठिकाणी निराशा झाली. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर भर सकाळी एक पिंगळा बसलेला दिसला. आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसही तोच प्रश्न विचारला: हा साधा पिंगळाच नसेल कशावरून? मग डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे आहेत, पोट पांढरे आहे, असे एकेक लक्षण पडताळले आणि छायाचित्रे व चलच्चित्र घेतले. तब्बल ११३ वर्षांनी रानपिंगळा ‘परत’ आला. तो पुढे मेळघाट, यावल व अन्य ठिकाणीही आढळला.

या दोन हकीकतींतील भेद पाहा. हिममानवाच्या बाजूला पुराव्यांचा डोंगर होता. परंतु त्यातील प्रत्येक पुरावा अस्वलाने, उन्हाने किंवा माणसाच्या कल्पनेनेही निर्माण होण्याजोगा होता. शून्यांची कितीही बेरीज केली तरी शून्यच. उलट शहाद्याच्या झाडावरील एका लहानशा पक्ष्याची लक्षणे दुसऱ्या कोणत्याही पक्ष्यात एकत्र सापडण्याजोगी नव्हती. म्हणून तो एकटा पुरावा शंभर वर्षांच्या अविश्वासास पुरून उरला. संशय हा दरवाजा बंद करण्यासाठी नसतो. आत कोण येत आहे हे पाहण्यासाठी असतो.

ही रीत केवळ शास्त्रज्ञांची आहे असेही कोणी समजू नये. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेशी आमचा संबंध बेताचाच. परंतु इतिहासाच्या अभ्यासात हीच तागडी वापरावी लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला १८९८ सालचा. बखरीतील रसाळ कथेपेक्षा त्या काळच्या अस्सल पत्राचे मोल अधिक, हा त्यांचा आग्रह होता. बखर टाकून द्या असा त्याचा अर्थ नव्हे. बखर कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे विचारा असा आहे. मध्यस्थाच्या बोलण्यासही हेच तीन प्रश्न विचारले, तर कितीतरी घरे बुडण्यापासून वाचतील.

आता पुन्हा आपल्या बांधावर येऊ. मांडुळास तोंड एकच आहे. तो बिनविषारी साप आहे. साधारण दोन-तीन फूट लांबीचा, तांबूस-तपकिरी, चकचकीत अंगाचा. दिवसा मातीत दडून बसतो आणि रात्री भक्ष्यास बाहेर पडतो. उंदीर-घुशींना विळखा घालून मारणे हा त्याचा धंदा. आपला जिल्हा तुरीचे आगर म्हणून प्रसिद्ध आहे. शेतातली व कोठारातली तूर उंदरांपासून राखणारा हा बिनपगारी रखवालदार आहे. मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिलांस जन्म देते. मांडूळ पकडणे, बाळगणे वा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध आहे. पोत्यात व डब्यात कोंडून गावोगाव हिंडविलेली मांडुळे सुटका होण्याआधीच मरतात, आणि त्यांच्यामागे उंदरांचे फावते.

विद्यार्थिमित्रहो, सुट्टीत शेतावर गेलात आणि मांडूळ दिसले, तर त्यास दुरून नीट पाहा. डोके कोणते व शेपटी कोणती ते ओळखा. डोळे आणि जीभ कोणत्या टोकास आहेत ते पाहिले म्हणजे झाले. त्याला हात लावू नका, मारू नका व कोणास पत्ता देऊ नका. घरात शिरले असेल, तर वनखात्यास कळवा. आणि कोणी वडीलधारा मनुष्य आशेने त्याच्या किमतीची चौकशी करू लागला, तर त्याचा उपहास न करता, नम्रपणे एवढेच विचारा: “काका, ज्याला खरोखर पैसे मिळाले, असा एक मनुष्य तुम्ही स्वतः पाहिला आहे काय?” या प्रश्नाचे उत्तर ‘ऐकले आहे’ असे येईल. ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांमधील हे अंतर ज्यास समजले, त्याने पुरावा तोलण्यास आरंभ केला असे समजावे.